दोनशे वर्षांचा दप्तरखाना आणि बेळगाव-निपाणीचे इंग्रजी कागद

निपाणीचे संस्थान १८३९ साली खालसा झाले. सरलष्कर सिद्धोजीराव निंबाळकर ऊर्फ आप्पा देसाई निपाणकर यांच्या मागे गादीला वारस कोण, यावरून कंपनी सरकारच्या कचेऱ्यांत काही वर्षे पत्रांची ये-जा चालू होती. ती पत्रे आज वाचायची तर निपाणीच्या अभ्यासकाला पुणे-बंगळूर रस्त्याने उलट्या दिशेला, मुंबईकडे निघावे लागते. काळा घोड्याजवळ एल्फिन्स्टन कॉलेजची दगडी इमारत आहे. तिच्या एका भागात महाराष्ट्र शासनाच्या पुराभिलेख संचालनालयाचे मुख्य कार्यालय आहे. आप्पासाहेबांच्या दौलतीचा शेवट ज्या इंग्रजी बाडांत नोंदला गेला, ती बाडे इथल्या घोड्यांवर, म्हणजे कागद ठेवण्याच्या मांडण्यांवर, ठेवली आहेत.

या दप्तरखान्याला २०२१ साली दोनशे वर्षे पूर्ण झाली. बेळगाव, चिकोडी, निपाणी, खानापूर या मुलखाच्या दृष्टीने पाहिले तर हा इतिहास जरा वेगळा दिसतो. राज्याच्या हद्दी या काळात तीन-चारदा बदलल्या, कागद मात्र ज्या कचेरीत पोचले होते तिथेच राहिले. ते कुठे आहेत हे कळायला यादीखेरीज दुसरा मार्ग नाही. म्हणून ही हकीकत जितकी कागदांची आहे, तितकीच त्यांच्या याद्या करणाऱ्या माणसांचीही आहे.

१८२१ ते १८३० : रेकॉर्ड ऑफिसची स्थापना

मराठी राज्य १८१८ साली बुडाले आणि मुंबई सरकारचा मुलूख एकदम कितीतरी पटींनी वाढला. मुलूख वाढला तसा कागदही वाढला. पुढच्याच वर्षी माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन मुंबईचे गव्हर्नर झाले. कागद गेला म्हणजे काय होते, हे त्यांनी स्वतः सोसले होते. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी, खडकीच्या लढाईच्या दिवशी, पुण्याच्या संगमावरची रेसिडेन्सी पेशव्यांच्या लोकांनी जाळली, त्यात एल्फिन्स्टन यांचा ग्रंथसंग्रह खाक झाला. त्यांच्याच कारकिर्दीत, १८२१ साली, मुंबईत सचिवालयाचे रेकॉर्ड ऑफिस सुरू झाले.

नव्या कचेरीकडे आलेला माल मात्र जुना होता. त्यात सुरतेच्या वखारीचे सतराव्या शतकातले पत्रव्यवहार होते, मुंबई कौन्सिलच्या सार्वजनिक खात्याच्या डायऱ्या होत्या आणि १७५५ पासूनची सीक्रेट अँड पोलिटिकल खात्याची मालिका होती. डायरी म्हटले की आज खासगी रोजनिशी डोळ्यांपुढे येते. ही डायरी कौन्सिलची. बैठक कोणत्या दिवशी झाली, कोणते पत्र वाचले, त्यावर काय ठरले आणि उत्तर काय गेले, हे सारे एका हाती उतरवून काढलेले असते. मूळ पत्र हरवले तरी त्याची नक्कल डायरीत सापडते. शिवाय महत्त्वाच्या पत्रांच्या प्रती वेगवेगळ्या जहाजांनी विलायतेला जात. एक जहाज बुडाले तरी दुसरे पोचेल, असा त्यामागचा व्यापारी हिशेब. आजच्या अभ्यासकाला मुंबईत न सापडलेले पत्र लंडनला सापडते, ते या हिशेबामुळेच.

बेळगावचा भाग या कागदांत आधीपासून आहे. १८०० साली बंडखोर धोंडिया वाघाच्या पाठलागावर निघालेल्या आर्थर वेलस्लीने कित्तूर-खानापूरच्या बाजूने फिरताना छावण्यांतून पत्रांमागून पत्रे लिहिली. तीन वर्षांनी पुण्याकडे जाताना त्याच्याबरोबर बापू गोखल्यांची आणि आप्पा देसायांची पथके होती आणि दोघांची नावे त्याच्या पत्रांत वारंवार येतात. १८१८ च्या एप्रिलमध्ये टॉमस मन्रोने बेळगावचा किल्ला घेतला, त्याचा पत्रव्यवहार तर विपुल आहे. इथे एक अडचण सुरुवातीलाच उभी राहिली. मन्रो, चॅप्लिन, थॅकरे, वॉल्टर इलियट हे या भागातले बिनीचे अधिकारी सगळे मद्रास नोकरीतले. त्यामुळे कागदांची एक फांदी मद्रासकडे गेली, दुसरी पुण्याच्या कमिशनरमार्फत मुंबईकडे.

कित्तूरचे प्रकरण हे त्याचे ठळक उदाहरण. २३ ऑक्टोबर १८२४ रोजी धारवाडचा कलेक्टर सेंट जॉन थॅकरे कित्तूरच्या वेशीत मारला गेला आणि इलियट व स्टीव्हन्सन हे दोन अधिकारी राणी चन्नम्मांच्या लोकांच्या हाती सापडले. पुढचे सहा आठवडे धारवाड, पुणे आणि मुंबई यांच्यामध्ये जासूद आणि टपाल अखंड धावत होते. ५ डिसेंबरला कित्तूर पडले. कैदेतून सुटलेला इलियट पुढे याच भागातल्या शिलालेखांचा नामांकित संग्राहक झाला. त्याने जमवलेल्या नकलांची बाडे आज इंग्लंड-स्कॉटलंडमध्ये आहेत.

१८३१ ते १८५० : कागदांचा महापूर

धारवाडपासून वेगळा काढून १८३६ साली बेळगाव जिल्हा करण्यात आला. तीन वर्षांनी निपाणी खालसा झाली, १८४१ च्या सुरुवातीला अरबांनी निपाणीचा किल्ला बळकावला आणि बेळगावहून फौज पाठवावी लागली. १८४४ साली सामानगडावर गडकऱ्यांचा उठाव झाला. सामानगड निपाणी-संकेश्वरच्या माणसाला परका नाही. तिथेही पहिली कुमक बेळगावच्याच छावणीतून गेली. या प्रत्येक घटनेमागे मुंबईच्या दप्तरात बाडेच्या बाडे उभी आहेत.

पण लढायांपेक्षा जास्त कागद जमिनीने जमवला. इनामांची तपासणी करण्यासाठी १८४३ साली जी समिती नेमली, तिने कामाचा नारळ फोडला तो याच दक्षिण मराठा मुलखात. गोल्डस्मिड आणि हार्ट ही तिच्यातली मुख्य नावे. घराघरांतल्या सनदा, पत्रे, महजर मागवले गेले. मोडीतले आणि कानडीतले कागद वाचून त्यांचे सार इंग्रजीत उतरवण्यात आले आणि त्यावर निकाल झाले. पुढे १८५२ च्या अकराव्या कायद्याने हे काम पक्के झाले आणि कितीतरी घराण्यांची इनामे गेली. हे काम इनामदारांना किती बोचले हे सांगायला नको. मात्र एखाद्या गावाच्या वतनाची साखळी सतराव्या शतकापर्यंत मागे नेता येते, ती या नकोशा चौकशीमुळेच, हेही नाकारता येत नाही. जॉर्ज विंगेट यांच्या जमाबंदीचे अहवाल त्याच सुमाराचे. गावाची माती, पाणी, बाजार, वस्ती यांची त्यांच्याइतकी बारीक नोंद दुसरीकडे क्वचितच मिळते.

हे लिहिणारे कोण? पत्राखाली सही साहेबाची असे, पण नक्कल उतरवणारे, मोडीवरून सार काढणारे आणि आवक-जावक ठेवणारे कारकून बहुतेक इथलेच. त्यांची नावे क्वचितच कुठे आली आहेत. संस्थेच्या जुन्या कामकऱ्यांमध्ये त्यांना पहिले स्थान द्यायला हवे.

१८५१ ते १८८० : एक गाव, दोन दप्तरे

या तीस वर्षांबद्दल सांगण्याजोगे पुष्कळ आहे, पण एकच गोष्ट इथे पुरे. बेळगाव इंग्रजांचे आणि त्याला खेटून असलेले शहापूर सांगली संस्थानचे. त्यामुळे बेळगावातल्या तंट्याचा कागद कलेक्टरमार्फत मुंबईला जाई, तर शहापूरच्या विणकराचा अर्ज संस्थानातून पोलिटिकल एजंटाकडे. निपाणी आणि कागल यांचेही तसेच. दोन्ही गावे एका रस्त्यावर, पण निपाणी चिकोडी तालुक्यात आणि कागल कोल्हापूरच्या जहागिरीत. या भागावर काम करणाऱ्याने दोन्ही दप्तरे पाहिली नाहीत तर त्याच्या हाती अर्धीच गोष्ट लागते. मे १८५८ मध्ये नरगुंदचे संस्थानिक बाबासाहेब यांच्या माणसांनी सुरेबानजवळ मारलेला चार्ल्स मॅन्सन हा संस्थानांचे काम पाहणारा इंग्रज अधिकारी होता, त्याच्या प्रकरणातही हे दिसते.

१८८१ ते १८९१ : इमारत आणि फॉरेस्ट

कचेरीला खऱ्या अर्थाने घर मिळाले ते १८८८ साली. सर कावसजी जहांगीर यांच्या नावाची एल्फिन्स्टन कॉलेजची इमारत पुरी झाली आणि रेकॉर्ड ऑफिस तिच्यात आले. ते आजही तिथेच आहे. खालून कॉलेजची पोरे जातात आणि त्यातल्या फारच थोड्यांना भिंतीपलीकडे काय आहे याची कल्पना असते.

त्याच सुमाराला जॉर्ज विल्यम फॉरेस्ट हा माणूस या कामाला लाभला. तो आधी डेक्कन कॉलेजात गणिताचा प्राध्यापक होता. सरकारने जुने कागद तपासण्यासाठी त्याची खास नेमणूक केली. फॉरेस्टने नुसती आवराआवर केली नाही. निवडक कागद छापून त्याने लोकांपुढे ठेवले. मराठ्यांविषयीच्या निवडक कागदांचा खंड १८८५ साली आणि मुंबई-सुरतेच्या कारभाराचे खंड १८८७ साली निघाले. १८९१ मध्ये कलकत्त्याला इम्पीरियल रेकॉर्ड डिपार्टमेंट सुरू झाले, तेव्हा त्याचा पहिला प्रमुख म्हणून मुंबईच्या याच फॉरेस्टला नेण्यात आले. आजच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचे मूळ ते खाते. आपल्या दप्तरखान्याने देशाला पहिला अभिलेखपाल दिला, असे म्हणायला हरकत नाही.

याच दशकात कॅम्बेल यांच्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरमालेचा एकविसावा खंड, म्हणजे बेळगावचा, १८८४ साली प्रसिद्ध झाला. कित्तूर, निपाणी, सौंदत्ती, गोकाक यांची त्यातली माहिती जिल्ह्यातल्या कचेऱ्यांनी पाठवलेल्या टिपणांवर आणि सरकारी कागदांवर उभी आहे. बेळगावच्या इतिहासावर मराठीत किंवा कानडीत पुढे जे लिहिले गेले, त्यातले बरेचसे या खंडावरून उचललेले आहे. काही ठिकाणी चुकांसकट.

१९११ ते १९२१ : गुप्त अहवाल आणि पहिली मार्गदर्शिका

विसाव्या शतकात कागदांचा नूर बदलला. आता पत्रे लढाईची नव्हती, सभांची होती. १९१६ च्या एप्रिलअखेर बेळगावला मुंबई प्रांतिक परिषद भरली, होमरूल लीगची स्थापनाही तिथेच झाली. १ मे रोजी टिळकांनी स्वराज्यावर भाषण केले. पोलिसांच्या लघुलेखकांनी ते मराठीतून टिपले आणि सरकारी भाषांतरकारांनी इंग्रजीत नेले. अहमदनगरच्या दोन भाषणांबरोबर याच भाषणावरून टिळकांकडे वीस हजारांचा जातमुचलका आणि दहा-दहा हजारांचे दोन जामीन मागण्यात आले. नोव्हेंबरमध्ये मुंबई हायकोर्टाने तो हुकूम रद्द केला. टिळकांच्या वतीने बॅरिस्टर जिना उभे होते. ज्यांनी टिळकांना अडकवण्यासाठी ही भाषांतरे करून घेतली, त्यांनीच ती जपून ठेवली, हा दैवाचा खेळ म्हणायचा. डिसेंबर १९२४ मध्ये गांधीजींच्या अध्यक्षतेखाली बेळगावला काँग्रेस भरली, तेव्हाही अहवालांचा असाच रतीब चालू होता.

कचेरीला शंभर वर्षे झाली त्या १९२१ साली ए. एफ. किंडर्स्ली यांनी मुंबई सरकारच्या दप्तरांची मार्गदर्शिका तयार केली. कोणत्या खात्याची मालिका कुठून कुठवर आहे, डायऱ्या कुठे संपतात आणि पुढची बाडे कुठे सुरू होतात, हे बाहेरच्या माणसाला पहिल्यांदा एका पुस्तकात कळू लागले.

१९२९ ते १९४० : पुण्याचे दशक

पुण्याच्या पेशवे दप्तरात सुमारे ३९ हजार रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे. त्यांवर वर्षानुवर्षे सरकारी कुलूप होते. ते उघडावे म्हणून पुण्याच्या अभ्यासकांनी पुष्कळ प्रयत्न केले. काम कोणाकडे द्यावे, कसे करावे याविषयी त्या काळी विद्वानांत बरीच चर्चा झाली. ती आता जुनी झाली. हाती आलेले फळ मात्र मोठे होते. रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३० ते १९३४ या अवघ्या चार-पाच वर्षांत पेशवे दप्तराचे ४५ खंड काढले.

त्याच्या पाठोपाठ इंग्रजी कागदांची पाळी आली. सर यदुनाथ सरकार आणि सरदेसाई यांच्या देखरेखीखाली १९३६ पासून पुणे रेसिडेन्सीच्या पत्रव्यवहाराचे खंड निघू लागले. चार्ल्स मॅलेट १७८६ साली पुण्यात आला तेव्हापासून पामर, क्लोज आणि एल्फिन्स्टन यांच्यापर्यंतची ही पत्रे. आगीतून एल्फिन्स्टनची पुस्तके वाचली नाहीत, रेसिडेन्सीचा पत्रव्यवहार मात्र मोठ्या प्रमाणात टिकला, म्हणून हे शक्य झाले. संपादकांमध्ये वि. गो. दिघे, रघुवीरसिंह यांसारखे अभ्यासक होते. पटवर्धन, कोल्हापूरकर आणि निपाणकर यांचे आपसांतले राजकारण रेसिडेंटाच्या नजरेतून कसे दिसत होते, ते या खंडांत पानोपानी वाचायला मिळते. रेसिडेंटाची नजर स्वच्छ होती असे नाही, पण त्याचे कान मात्र फार तिखट होते.

सरकारी चौकटीबाहेरही काम चालू होते. पुण्याच्या शिवचरित्र कार्यालयाने १९३१ साली शिवकालातली इंग्रजी पत्रे एकत्र छापली. न. चिं. केळकर आणि द. वि. आपटे यांच्या श्रमांतून हा ग्रंथ उभा राहिला. १६७३ साली हुबळीच्या वखारीची लूट झाली तिचा हिशेब त्यात आहे. बैलहोंगलजवळच्या बेलवडीला एका देसाईणीने शिवाजी महाराजांच्या फौजेला कसे झुंजवले, याची बातमी १६७८ च्या राजापूरच्या पत्रात आहे. बेलवडीच्या मल्लम्मेची कथा लोकांच्या तोंडी होतीच. समकालीन व्यापाऱ्याच्या कोरड्या चार ओळींनी तिला आधार मिळाला.

१९५१ ते १९६० : सूची आणि सीमा

हे दशक या भागासाठी सर्वांत महत्त्वाचे. १९५४ साली दिघे यांनी सीक्रेट अँड पोलिटिकल खात्याच्या १७५५ ते १८२० या मालिकेची वर्णनात्मक सूची प्रसिद्ध केली. सूची करणे म्हणजे नुसते क्रमांक टाकणे नव्हे. पत्र कोणी लिहिले, कोणाला, कोठून, कोणत्या तारखेला, विषय काय आणि सोबत काय जोडले आहे, हे प्रत्येक कागदाबाबत ठरवावे लागते. इंग्रज लेखनिक कानाला ऐकू येईल तसे नाव लिहीत. एकाच आप्पा देसायांची चार रूपे, चिकोडीची ‘चिकोरी’. सूचीकाराला मुलूख ठाऊक नसेल तर एक माणूस चार माणसे होतो आणि एका गावाची तीन गावे. जिल्ह्याचा नकाशा, जुने गॅझेटियर आणि मोडी कागद शेजारी ठेवूनच हे काम करावे लागले.

सूची निघाल्यावर दोनच वर्षांनी, १ नोव्हेंबर १९५६ रोजी, बेळगाव जिल्हा तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. चंदगड तालुका तेवढा कोल्हापूरकडे आला. सव्वाशेहून अधिक वर्षे मुंबईला पोचलेले इंग्रजी कागद मात्र मुंबईतच राहिले. बेळगावकराला आपल्या जिल्ह्याच्या इतिहासासाठी दुसऱ्या राज्याच्या अभिलेखागाराची परवानगी घ्यावी लागते, ती तेव्हापासून. संस्थेच्या बाजूने एक गोष्ट सांगितली पाहिजे. कागद मागणारा कोणत्या राज्यातून आला आहे, यावर वाचनकक्षाचे दार उघडणे अवलंबून ठेवलेले नाही. कन्नड अभ्यासकांनीही कित्तूरच्या इतिहासासाठी मुंबईचे कागद वापरले आहेत.

डॉ. पी. एम. जोशी या काळात अभिलेखागाराचे संचालक होते. याच काळात मुंबई सरकारच्या कागदांतून स्वातंत्र्यलढ्याच्या इतिहासाची साधने निवडून काढण्याचे काम झाले. १८१८ ते १८८५ चा पहिला खंड १९५७ साली आणि १९२० पर्यंतचा दुसरा १९५८ साली निघाला.

१९६१ ते १९९० : कोल्हापूरची शाखा

महाराष्ट्र राज्य झाल्यावर मुंबई, पुणे, कोल्हापूर, नागपूर आणि औरंगाबाद येथील अभिलेखागारे एका छत्राखाली आली. वि. गो. खोबरेकर यांच्यासारख्या संचालकांनी फारसी आणि इंग्रजी साधनांच्या प्रकाशनाची परंपरा पुढे चालवली. निपाणी-चिकोडीच्या अभ्यासकाला सर्वांत जवळची शाखा कोल्हापूरची, तासाभराच्या अंतरावर. कोल्हापूर दरबार आणि पोलिटिकल एजन्सी यांचे कागद तिथे आहेत.

त्या कागदांचे मोल लोकांना कळले ते शिवाजी विद्यापीठाच्या शाहू संशोधन केंद्रामुळे. डॉ. अप्पासाहेब पवार यांनी राजर्षी शाहू छत्रपतींच्या कागदपत्रांचा इंग्रजी खंड हाती घेतला आणि ती मालिका डॉ. विलास संगवे व बी. डी. खणे यांनी पुढे नेली. कागलच्या घाटगे घराण्यातून १८८४ साली दत्तक आलेला मुलगा, धारवाडला फ्रेझर साहेबांच्या हाताखाली झालेले त्याचे शिक्षण आणि मग राजा म्हणून त्याने इंग्रज अधिकाऱ्यांशी केलेला पत्रव्यवहार, हे सगळे मूळ कागदांतून समोर आले. एक विद्यापीठ आणि एक सरकारी दप्तरखाना मनापासून एकत्र आले तर काय होते, याचा हा नमुना. दुर्दैवाने असे नमुने मोजकेच आहेत.

२००१ पासून आजपर्यंत

महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम २००५ साली झाला आणि कोणता सरकारी कागद किती काळ ठेवायचा, कोणता नष्ट करता येईल, याला कायद्याची चौकट मिळाली. जुन्या कागदांची दुरुस्ती, पातळ कागद लावून जीर्ण पाने सावरणे, बांधणी आणि आता स्कॅनिंग ही कामे चालू आहेत. लोहयुक्त शाईने खाल्लेले पान आणि मुंबईची दमट हवा यांच्याशी रोजची झुंज आहे. वाचनकक्षात आजही संशोधक मागणीची चिठ्ठी भरतो आणि शिपाई घोड्यावरून बाड काढून आणतो. त्या शिपायाला कोणता कप्पा कुठे आहे हे ज्या सहजतेने ठाऊक असते, ती अजून कोणत्याही छापील सूचीत आलेली नाही.

कामातला सर्वांत मोठा अनुशेष १८२० नंतरच्या बाडांचा. दिघे यांच्या सूचीसारखी तपशीलवार सूची त्यांची व्हायला हवी आणि बेळगाव जिल्ह्याच्या निर्मितीपासूनचा सगळा इतिहास नेमका त्याच वर्षांत आहे. स्कॅन झालेल्या पानाला सूचीची जोड नसेल तर ते पान सापडत नाही. त्यामुळे पैसा यंत्रांवर जितका खर्च होतो, तितकाच मोडी, कानडी आणि जुने इंग्रजी हस्ताक्षर वाचणाऱ्या माणसांवर व्हावा, ही अपेक्षा चुकीची नाही.

सीमाभागातल्या वाचकांना एक विनंती. बेळगाव, शहापूर, खानापूर, निपाणी, संकेश्वर या गावांतल्या जुन्या वाड्यांमध्ये इनाम चौकशीच्या इंग्रजी नकला, कलेक्टर कचेरीची पत्रे, पोलिटिकल एजंटाचे लखोटे अजून पेट्यांमध्ये आहेत. घर पाडताना ते रद्दीत घालू नयेत. कोणाला द्यायचे नसतील तर देऊ नयेत, पण निदान कोल्हापूरच्या शाखेला दाखवून त्यांची यादी तरी करून घ्यावी.